झाकणाखालची फट

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा १०० अंश, आणि त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांना बोट लावलं तर त्या नुसत्या कोमट. अंघोळीच्या पाण्याएवढ्यासुद्धा नाहीत. मला खरी शंका आली ती तिथं.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा धंदा आहे. लग्नं, बारशी, वास्तुशांत, मधूनच एखाद्या तालमीचा वर्धापनदिन. मशीन २०१७ सालचं, आत इंटेलचा आय-सेव्हन ७७००के प्रोसेसर. चार कोअर, म्हणजे एका चिपमध्ये काम करणारे चार मेंदू. कंपनीनं तो ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत पळायला दिलेला, मी त्याला गेली काही वर्षं ४.८ वर पळवत होतो. त्यामुळे तापण्याचं खापर मी कुणावरच फोडणार नाही. बैलाला जास्त पळवलं तर तो धापा टाकणारच.

पण एप्रिलमध्ये लग्नसराई आणि ऊन हातात हात घालून येतात. दोन-अडीच तासांची लग्नाची फिल्म रेंडरला लावली, म्हणजे एडिट केलेल्यातून शेवटची फिल्म काढायला मशीनला दिली, की पाचव्या मिनिटाला चारही कोअर शंभरी गाठायचे. शंभरला पोचला की हा प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो, तसा तो ४.३ वर यायचा, थोडा थंड व्हायचा, परत उसळायचा. म्हणजे ४.८ हे नावापुरतंच.

आधी सगळे सरळ उपाय केले. कूलर उतरवून ब्रशनं धूळ काढली, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता पोचवणारी जुनी पेस्ट पुसून नवी लावली, कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन ठेवला. तीन-चार अंश उतरले. मग ते नळ्यांना बोट लावणं झालं. कूलर गच्च बसलेला, पेस्ट नवी, पंखा गरगरतोय, आणि तरी नळ्या कोमट. याचा अर्थ उष्णता कूलरपर्यंत येतच नव्हती. अडत होती ती आधीच कुठंतरी, आणि त्या आधीच्या ठिकाणी मला हात घालता येत नव्हता, कारण त्यावर झाकण होतं.

आपण प्रोसेसर म्हणून जो चकचकीत चौकोन बघतो ते खरं तर झाकणच असतं. तांब्याचं, वर निकेलचा मुलामा. त्याला हीट स्प्रेडर म्हणतात. त्याच्या खाली करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा सिलिकॉनचा तुकडा असतो, ती डाय. सगळं काम आणि सगळी आग तिथं. डाय आणि झाकण यांच्यामध्ये काहीतरी भरावं लागतं, नाहीतर मध्ये हवा राहते. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपर्यंत इंटेल तिथं सोल्डर, म्हणजे डाख देतात तसा धातू, वापरत होती. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून साध्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरांत पेस्ट आली, आणि २०१८ च्या अखेरीस आलेल्या ९९००के मध्ये परत सोल्डर. माझा ७७००के मधल्या काळातला, म्हणजे पेस्टवाला. हे आधी बघणं सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून इथं जरा थांबतो. सोल्डरवाल्या प्रोसेसरचं झाकण पेस्टवाल्यासारखं ओढायला गेलात तर झाकणाबरोबर डायचे तुकडे हातात येतात. त्या सोल्डरमधला इंडियम धातू १५६ अंशांच्या पुढं वितळतो, ते काम वेगळं आणि ते माझं नाही. एएमडी कंपनीचे रायझन डेस्कटॉप प्रोसेसरही बहुतेक सोल्डरचेच. २०१८ चे २२००जी आणि २४००जी हे त्याला अपवाद. तेव्हा आधी आपल्या मॉडेलखाली काय आहे याची खात्री, मग हत्यार.

२०१७ मध्ये याच प्रोसेसरच्या तापमानाबद्दल लोकांनी विचारलं होतं, तेव्हा इंटेलचं म्हणणं असं होतं की ठरवून दिलेल्या वेगाच्या वर चालवू नका आणि झाकण काढू नका. त्यातली पहिली गोष्ट मी मोडून झाली होती. वॉरंटी केव्हाच संपली होती, त्यामुळे दुसरी मोडताना निदान तो प्रश्न नव्हता.

बायको म्हणाली, "वेग कमी कर की. ४.५ वर चालव." बरोबर होतं तिचं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाद होता, आणि कोल्हापुरात नाद हे पुरेसं कारण मानलं जातं.

सुरुवात मी दाढीच्या ब्लेडनं केली. पण स्वतःच्या प्रोसेसरवर नाही, तेवढी अक्कल होती. शाहूपुरीतल्या एका भंगारवाल्याकडून बंद पडलेला जुना पेंटियम आणला. झाकणाच्या कडेखाली काळं सिलिकॉन असतं, त्यानंच झाकण खालच्या हिरव्या पट्टीला, म्हणजे डाय ज्यावर बसवलेली असते त्या सर्किटच्या पातळ पाटीला, चिकटलेलं असतं. ब्लेड कोपऱ्यातून आत सरकवायचं आणि कडेकडेनं कापत जायचं, असं मी बघितलं होतं. पहिल्या दोन बाजू झकास गेल्या. लोण्यातून सुरी गेल्यासारखं वाटलं. तिसऱ्या बाजूला ब्लेड जरासं खाली झुकलं. किती झुकलं ते हाताला कळलंसुद्धा नाही. झाकण निघालं तेव्हा हिरव्या पट्टीवर एक बारीक चर दिसला आणि चरात तांबूस रेघा. त्या रेघा म्हणजे आतल्या तारा. पेंटियम मेलेलाच होता म्हणून बरं. माझ्या ७७००के ची पट्टी त्या पेंटियमच्या पट्टीहून पातळ, हे मला माहीत होतं. ब्लेड मी त्याच क्षणी डबीत ठेवलं.

मग उद्यमनगर.

माझे मामा शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथ आणि मिलिंगचं काम करतात. पंपाचे भाग, इंजिनाचे भाग, कधी गिअर. शेडमध्ये कटिंग ऑइलचा वास, कोपऱ्यात रेडिओ, आणि भिंतीवर मागल्या वर्षीचं कॅलेंडर. मी खिशातून डबी काढून पेंटियमचे दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले.

"हे काय?"

"प्रोसेसर. कॉम्प्युटरचा. ह्याचं झाकण काढलंय मी."

"मग काढलंयस की. आता काय?"

"खाली कापलं गेलंय. आता खऱ्याचं काढायचंय."

मामांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. चर बघितला, झाकण उलटं केलं, आतली वाळलेली पेस्ट नखानं खरवडून बोटांत चोळली. मग काळ्या सिलिकॉनची एक पट्टी सोलून काढली आणि मला वाटलं टाकतायत, तर त्यांनी ती मायक्रोमीटरमध्ये धरली.

"ह्यात खरं दुखणं हाय बघ."

"पेस्ट खराब असते मामा, सगळे म्हणतात."

"पेस्ट ऱ्हाऊ दे. हे रबर झाकणाला खाली बसू देत न्हाई. हेडखाली जाड गॅस्केट घातल्यागत झालंय. मधी फट ऱ्हाती, मग तू त्यात सोनं भर नाहीतर शेण भर."

मायक्रोमीटर रबरावर नीट आकडा देत नाही, दाबलं की कमी होतो. तरी ते सहा-सात शतांश मिलिमीटर म्हणाले. म्हणजे केसाच्या जाडीएवढं. मला हसू आलं होतं, एवढ्यानं काय होतंय. पण डायवरची उष्णता एवढ्याशा जागेतून बाहेर पडायची असते, आणि पेस्ट ही तांब्याच्या मानानं उष्णता वाहून नेण्यात अगदीच आळशी. तांब्याचा आकडा चारशेच्या आसपास, चांगल्या पेस्टचा आठ ते बारा. त्या हिशोबात केसभर जाडी म्हणजे भिंतच. पेस्टवरून भांडत बसलेल्या लोकांपेक्षा मामांना दोन मिनिटांत जास्त कळलं होतं.

"आणि वर उचलतोस कशाला?" ते म्हणाले. "चिकटलेली वस्तू उचलायची नसती. आडवी ढकलायची."

हेच तत्त्व वापरून परदेशात याची तयार हत्यारं मिळतात. रोमान हार्टुंग नावाचा एक जर्मन माणूस त्यासाठी प्रसिद्ध आहे. एका खाचेत प्रोसेसरची पट्टी अडकवायची, आणि स्क्रू फिरवून झाकण तेवढं बाजूला सरकवायचं. मी मोबाईलवर चित्र दाखवलं. मामांनी ते एकदाच बघितलं, मोबाईल परत दिला आणि माझा ७७००के मागितला. व्हर्नियरनं मापलं. ३७.५ बाय ३७.५.

ॲल्युमिनियमचा एक ठोकळा घेऊन त्यांनी त्यात चौकोनी खाच मिल केली. खोली पट्टीच्या जाडीपेक्षा जरा कमी, म्हणजे खाचेची भिंत फक्त पट्टीला अडवेल, झाकणाला नाही. वरून दुसरा सरकता ठोकळा, त्याला मागून एम-८ चा बोल्ट. तेवढ्यात त्यांनी प्रोसेसर उलटा केला आणि थांबले.

"हे मधले दाणे काय?"

खालच्या बाजूला मधोमध बारीक कपॅसिटर असतात. मी सांगायला विसरलो होतो. सपाट खाचेत दाबून ठेवला असता तर झाकण निघण्याआधी तेच चिरडले असते. मामांनी खाचेच्या मध्ये आणखी एक खोलगट खड्डा काढला, कडा कानसीनं मारल्या, बोट फिरवून बघितलं. "उद्या ये," म्हणाले. बोल्टला ग्रीस लावायचं होतं आणि दुसऱ्या कुणाचं पंपाचं अर्जंट काम समोर पडलेलं.

दुसऱ्या दिवशी मी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन गेलो. सिलिकॉन जरा गरम केलं की मऊ पडतं. शेडमधली पोरं ड्रायर बघून जे काय बोलली ते इथं लिहीत नाही. मिनिटभर गरम हवा मारली, प्रोसेसर खाचेत बसवला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढून ठेवला, झाकणावर बारीक मार्करनं खूणही केली, म्हणजे परत बसवताना फिरणार नाही. मामांनी ठोकळा व्हाइसमध्ये नुसता धरला, आवळला नाही.

"पाना तू धर. तुझा हाय."

पाव आटा फिरवला. काही नाही. अजून पाव. बोल्टला जडपणा आला. मला जोर लावायचा होता, मामांनी मनगट धरलं. "थांब. त्याला सुटाय वेळ दे." दहा-पंधरा सेकंद आम्ही तिघंचौघं त्या ठोकळ्याकडे बघत उभे. परत अगदी थोडा फिरवला, आणि टक्. सुपारी फुटावी तसा कोरडा आवाज. माझ्या पोटात गोळा आला, कारण डाय फुटली तरी आवाज साधारण असाच येत असणार. मामा शांत. झाकण दोन-तीन मिलिमीटर सरकलं होतं. ते चिमटीत धरून उचललं. खाली डाय अख्खी, आरशासारखी, वर राखाडी पेस्टचा थर. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. झाकण एका अंगाला कलूनच चिकटलेलं होतं म्हणजे.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहा मी पाजला.

पेस्ट तिथंच पुसली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं. सिलिकॉन मात्र चिवट. ते काढायला धातूचं काही वापरायचं नाही. डायच्या कडा काचेसारख्या असतात, एक टोला लागला तर कोपरा उडतो. मी बंद पडलेलं एटीएम कार्ड वापरलं. पट्टीवरचं आणि झाकणाच्या कडेचं, दोन्हीकडचं काढायचं. मामांनी निघताना सांगितलं होतं, "नख फिरवून बघ सगळीकडं. डोळ्याला दिसत न्हाई ते नखाला लागतं." मी हो म्हणालो.

पुढचं काम घरी, आणि ते मुद्दाम घरी. डाय आणि झाकण यांच्यामध्ये मी साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावणार होतो, गॅलियमचा मिश्रधातू. घरातल्या तापमानाला तो पाऱ्यासारखा पातळ असतो. मी आणलेल्या लिक्विड मेटलचं नाव कंडक्टोनॉट, त्याचा उष्णता वाहण्याचा आकडा कंपनी ७३ सांगते. एक ग्रॅमची सिरिंज, आणि त्यातलं दहावा भागसुद्धा लागत नाही. पण गॅलियम ॲल्युमिनियमला खातं, आणि मामांच्या शेडमध्ये जमिनीवर, टेबलावर, माझ्या चपलेला, सगळीकडे ॲल्युमिनियमचा चुरा. घरी मी भाकरी गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घेतला, त्यावर सुईनं ओरखडा काढला आणि एक थेंब चोळून ठेवून दिला. सकाळी ते फॉइल बोट लावताच पापडासारखं मोडलं. मुलीनं हा प्रयोग परत करायला लावला. दाखवायचा मुद्दा असा की ज्याच्या कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा आहे त्यानं हे द्रव्य त्याच्या आसपास आणू नये. मी ते फक्त झाकणाच्या आत लावलं. झाकण आणि कूलर यांच्यामध्ये नेहमीचीच पेस्ट.

दुसरा धोका म्हणजे ते वीजही वाहून नेतं. डायच्या शेजारच्या उघड्या ठिपक्यांवर बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं, दोन हात, मध्ये वाळू देऊन. मग सिरिंज. इथं घाई केली की दट्ट्या आधी अडतो आणि मग एकदम थुंकतो. आधी कागदावर एक थेंब काढून बघावा. डायवर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा थेंब पुरतो. सुरुवातीला तो पसरतच नाही, कापसाच्या बोळ्याखाली नुसता इकडून तिकडं पळतो. चोळत राहायचं. मग एका जागी तो अचानक पकडतो, आणि तिथून कल्हई केल्यासारखी चकाकी पसरत जाते. झाकणाच्या आतल्या बाजूलाही डायएवढ्या जागेत तसाच पातळ थर.

झाकण परत चिकटवायला सिलिकॉनचे चार ठिपके, चार कोपऱ्यांना, टाचणीच्या डोक्याएवढे. पूर्ण रेघ ओढली तर परत तीच फट तयार होते. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवला, खुणेवर झाकण ठेवलं. सॉकेटची दांडी दाबताना झाकण पुढं सरकायला बघतं, म्हणून एक बोट त्याच्यावर धरून सावकाश दाबली. रात्रभर तसंच.

सकाळी रेंडर लावला. तीन कोअर ८० ते ८२. चौथा ९३.

आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तो चौथा डोळ्यांत खुपत राहिला. संध्याकाळी मामांना फोन केला. मी आकडे सांगितले, तिकडून दोन सेकंद काही आवाज नाही.

"एका कोपऱ्यात कायतरी ऱ्हायलंय."

"सगळं साफ केलंय मामा."

"नख फिरवलंतं?"

नव्हतं फिरवलं. डोळ्यांनी बघितलं होतं, दिव्याखाली धरून, आणि काळं काही दिसलं नाही म्हणून पुढं गेलो होतो.

रविवारी परत सगळं सोडवलं. चारच ठिपके असल्यामुळे यावेळी ठोकळ्यात पाव आट्यातच झाकण सुटलं. झाकणाच्या कडेवर नख फिरवत गेलो, आणि एका कोपऱ्याच्या आतल्या वळणावर ते अडकलं. सिलिकॉनची साल. एवढी पातळ की तिच्यातून निकेल दिसत होतं. तेवढ्यानं झाकण एका बाजूनं उचललेलं होतं. कार्डाच्या कोपऱ्यानं काढली, परत चारही कडा नखानं तपासल्या, मग उगाच अजून एकदा. लिक्विड मेटल डायवर छान टिकून होतं, फक्त त्या बाजूला थोडं वाढवलं.

यावेळी चारही कोअर ७६ ते ७९. रेंडर संपेपर्यंत ४.८ वरून खाली नाही. कूलरच्या नळ्यांना बोट लावलं तर चटका बसतो की काय असं वाटलं. आता उष्णता पोचत होती तिथं.

खोली मात्र पहिल्याइतकीच तापते, किंबहुना जास्तच. आग कमी झाली नाही, फक्त तिला बाहेर यायला वाट मिळाली. आणि वेळेचं म्हणाल तर ज्या फिल्मच्या रेंडरला आधी दोन तास दहा मिनिटं लागायची ती आता दोन तासांत निघते. दहा मिनिटं. बायकोनं ते बरोबर टिपून ठेवलंय, आणि हेअर ड्रायरला कटिंग ऑइलचा वास येतो हेही.

मधे ओळखीतला एक मुलगा त्याचा ९९००के घेऊन आला, "दादा, ह्याचं पण करून द्या की" म्हणाला. सोल्डर आहे म्हणून मी परत पाठवला. तो जरा नाराज झाला. ठोकळा मामांच्या शेडमध्येच आहे, मायक्रोमीटरच्या डबीशेजारी, खाचेत तो चर पडलेला पेंटियम बसवून.